आधी वाटप की आधी फोटो?

"सर, आधी वाटप घ्यायचं का आधी फोटो?"

गुरुजींच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. मांडववाला विचारतो ना, खुर्च्या आधी टाकू का सतरंजी, तसं त्यांनी विचारलं. दिवाळीच्या आठ-दहा दिवसांत त्यांच्या शाळेवर तीन 'पार्ट्या' येऊन गेल्या होत्या, आम्ही चौथे. 'पार्टी' हा शब्दही त्यांचाच. पहिल्या पार्टीनं आधी वाटप केलं, तर फोटोची वेळ येईपर्यंत पोट्ट्यांनी लाडू संपवून टाकले, आणि मग रिकामी पाकिटं छातीशी धरून सगळ्यांना उभं राहावं लागलं. तेव्हापासून गुरुजी आधीच विचारून घेतात.

आमच्या साहेबांनी जरा विचार केला आणि निकाल दिला, "आधी फोटो. मग वाटप. मग वाटपाचा फोटो."

पोरं न सांगता उंचीप्रमाणे उभी राहिली. पुढच्या ओळीनं मांडी घातली. कोणी शिकवलं म्हणून विचारायची सोय नव्हती, आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं. त्यातली अर्धी लेकरं घरी कोरकू बोलणारी. शाळेत मराठी शिकतात आणि दिवाळीपुरतं 'थँक्यू सर' एका सुरात म्हणतात. तिसरी भाषा पाहुण्यांसाठी.

मी अंजनगाव सुर्जीतल्या एका कार्यालयात बाबू आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण आमच्यात वेगळं असं काही नाही. कोणत्याही कार्यालयाची, बँकेची, पतसंस्थेची पाटी आमच्या दारावर लावा, हकीकत हीच राहील. दरवर्षी नवरात्र संपलं की एक यादी टेबलावरून टेबलावर फिरते, 'वंचितांची दिवाळी'. नावापुढं आकडा टाकायचा. साहेबांनी पाचशे टाकले की खाली सगळे पाचशे. शिपायाचेही पाचशेच, कारण यादी फिरवणाराच तो, आणि दोनशे लिहायची त्याची काय बिशाद. गेल्या दिवाळीला आम्ही 43 जण होतो. जमा 21,500. खजिनदार मी. म्हणून पुढचा हिशोब ऐकीव नाही, माझ्या हस्ताक्षरातला आहे.

फ्लेक्सला 900. त्यावर साहेबांचा फोटो लेकरांच्या फोटोपेक्षा मोठा, आणि लेकरं कुठली तर इंटरनेटवरची, बहुतेक आफ्रिकेतली. दोन गाड्यांचं भाडं 4,200. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि गावातल्या दोन प्रतिष्ठितांसाठी शाल, श्रीफळ, गुच्छ 2,400. फोटोग्राफर 2,500, ड्रोन त्यातच, ओळखीचा म्हणून. परतीच्या वाटेवर शहानूर धरणाच्या अंगाला रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप, 5,900. आणि 62 लेकरांना माणशी 90 रुपयांचं पाकीट, म्हणजे पाव किलो चिवडा, दोन लाडू, एक वही, एक पेन आणि फुलबाज्यांचा डबा. 5,580. एकूण खर्च 21,480.

वीस रुपये उरले. त्यांचं मी पान खाल्लं. अंजनगावात पानमळ्यांना तोटा नाही.

शंभर रुपयांतले सव्वीस रुपये लेकरांपर्यंत गेले, बाकीचे आमच्या पुण्याच्या वाहतुकीला लागले. एखाद्या योजनेत शंभरातले सव्वीस पोचले असते तर आम्हीच चहाच्या टपरीवर सरकारच्या नावानं बोटं मोडली असती.

यादी फिरण्याआधी एक बैठक झाली होती, तीही सांगतो, कारण तिथं मी एक शहाणपणा करून पाहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, खात नसेल त्याला केळं. सव्वा वर्षही झालं नाही तर जानेवारी 2025 मध्ये त्याचा पैसा बंद केला. अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. मी म्हटलं, आपण 43 जण, आपणच तो लोकसहभाग. अंडं सात रुपयांना धरा. 62 लेकरांचे आठवड्याचे 434 रुपये. आपल्या 21,500 मध्ये 49 आठवडे निघतात. शाळा एवढे आठवडे भरतसुद्धा नाही. वर्षभर दर बुधवारी त्या पोट्ट्यांच्या ताटात एक अंडं, आणि आपल्याला तिकडं जायचीही गरज नाही.

बैठकीत शांतता पसरली. कोणीतरी म्हणालं, आपल्यात शाकाहारी लोक आहेत, त्यांच्या भावनांचं काय. मी म्हटलं, त्यांच्या पैशाची केळी घ्या, अंजनगावात केळीही पिकते. मग कोपऱ्यातून खरा आक्षेप आला, आणि तो प्रामाणिक होता.

"अंड्याचा काय फोटो काढाव बाप्पा?"

सगळे हसले, मीही हसलो. ठराव झाला, वाटपाचाच. त्यानंतर खजिनदारकी माझ्याच गळ्यात पडली. मला हिशोब येतो हे मी सिद्ध करून बसलो होतो.

आमच्या गावाला देण्याघेण्याच्या समारंभाची परंपरा जुनी आहे. 30 डिसेंबर 1803 रोजी इथं दौलतराव शिंद्यांच्या वतीनं इंग्रजांशी तह झाला. त्याआधी महिन्याभरात अडगावची लढाई गेली, गाविलगड गेला. तहात गंगा-यमुनेमधला मुलूख, भडोच, अहमदनगर असं बरंच काही देऊन टाकलं. शाळेत आम्हाला हे मोठ्या अभिमानानं शिकवलं जायचं, आपल्या गावाचं नाव इतिहासात आहे म्हणून. देणाऱ्यानं कोणत्या तोंडानं दिलं असेल, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा फ्लेक्स नव्हते, एवढीच शिंद्यांची अब्रू राहिली.

आता त्या दिवसाचं सांगतो. निरोप होता सकाळी अकराचा. सुटीतला रविवार. दिवाळीची सुटी म्हणजे आमच्या भागात कापूस वेचणीचे दिवस. शेतात सीतादही, म्हणजे कापसाची पूजा, झालेली असते, पहिला वेचा सुरू असतो, आणि जे लेकरू आईबरोबर चालू शकतं ते कमरेला ओटी बांधून ओळीत उभं असतं. वेचणी किलोवर मिळते. जेवढा कापूस तोललात तेवढे पैसे. गुरुजींनी आदल्या रात्री घरोघर फिरून सांगितलं होतं, उद्या लेकरांना पाठवा, साहेब लोक येणार आहेत. म्हणून आया लेकरांना घेऊन शेतातून परत आल्या, त्यांना आंघोळी घातल्या, डोक्याला तेल लावलं आणि शाळेच्या ओट्यावर आणून बसवलं.

आम्ही पोचलो पावणेदोनला. साहेबांच्या घरी पाहुणे आले होते.

पावणेतीन तास. बाईच्या वेचणीचा अर्धा दिवस गेला आणि त्याच्या बदल्यात तिला 90 रुपयांचं पाकीट मिळालं. ते पाकीट तिला परवडलं नाही, तोट्यात गेलं. आम्ही दान केलं म्हणता? आम्ही त्या बायांची मजुरी बुडवली आणि तिच्यातून परतफेड म्हणून चिवडा दिला.

वाटपाच्या वेळी पाकीट देणारा हात आणि घेणारा हात एकाच वेळी कॅमेऱ्यात यावा लागतो. फोटोग्राफर सांगत होता, "सोडू नका, सोडू नका, दोघंही धरून ठेवा." आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा माझ्यासमोर होता. पाकिटाचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. त्याची बोटं मला दिसत होती. बोंडाची वाळलेली टोकं टोचून टोचून नखांच्या कडेची कातडी सोललेली, त्यावर हळद दाबलेली. त्यानं हळूच ओढून पाहिलं. मी सोडलं नाही. फोटो व्हायचा होता. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं आणि मग, बहुतेक पहिल्या तीन पार्ट्यांच्या अनुभवानं, ओढणं थांबवून कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

तो फोटो आमच्या ग्रुपवर आहे. खाली अठ्ठावीस जणांनी हात जोडलेले आहेत.

गंमत ही की हे सगळं आमच्या तालुक्यात होतं. शेंडगाव आमच्या तालुक्यात आहे. तिथं 23 फेब्रुवारी 1876 रोजी डेबू झिंगराजी जानोरकर नावाचं पोर जन्माला आलं, आणि पुढं सगळ्या महाराष्ट्रानं त्याला गाडगेबाबा म्हटलं. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव, ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचं नाव, आमच्या कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागं त्यांचा फोटो. 20 डिसेंबरला पुण्यतिथी, त्या दिवशी हार. हाराची वर्गणी वेगळी, वीस रुपये.

हा माणूस गावात आला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा, मग रात्री कीर्तन. फुकटचं जेवण घ्यायचा नाही, काम करून मगच भाकर. पाया पडू द्यायचा नाही, पडायला आलेल्याला काठी दाखवायचा. लोकांनी पैसा ओतला, त्यातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या बायकापोरांना त्यात राहू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांसाठी. आख्खी इमारत. उघड्याला कपडा आणि गरिबाच्या पोराला शिक्षण, हे ते कीर्तनातून सांगत हिंडले, पण शाळेच्या ओट्यावर लेकरं उभी करून एकेकाला सदरा वाटत त्यांनी सत्कार घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही. आज बाबा आमच्या वाटपाला आले असते तर आधी त्यांनी गाडीखाली पडलेल्या बिसलेरीच्या बाटल्या उचलल्या असत्या. मग त्या काठीचं काय केलं असतं, ते आमच्या साहेबांनी विचार करावा.

मी आमच्या एका सहकाऱ्याला विचारलं, दिवाळीच का? त्यानं डोळे मोठे करून सांगितलं, "अरे, त्यांच्याकडं दिवाळी कुठं असते?" पंचवीस वर्षं अंजनगावात राहून हा माणूस उत्तरेकडं तोंड करून कधी उभा राहिला नाही. मेळघाटाचा डोंगर चढून गेलं की दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत घुंगरू बाजार भरतात. गुरं राखणारे थाट्ये पायात घुंगरू, हातात बासरी, अंगात नवे कपडे घालून बाजारभर नाचतात, दुकानदारांकडून हक्कानं बक्षीस मागतात, आणि दुकानदार हसत देतात. तिथं मागणारा नाचत येतो. आमच्या ओट्यावर त्याच डोंगराकडचं पोर मान खाली घालून उभं होतं. मागण्याचा त्यांचा स्वतःचा सण आहे आणि त्यात मिंधेपणा नाही. होळीला फगवा मागतात तेही रस्ता अडवून, ताठ मानेनं. आम्ही दिवाळी घेऊन गेलो ती आमची, आमच्या मापाची.

आणि वेळेचंही ऐका. दिवाळीला शेतात माल असतो, हाताला काम असतं, घरात चार दाणे असतात. वर्षातले त्यातल्या त्यात बरे दिवस ते. वाईट दिवस आषाढ-श्रावणातले. आधीचा दाणा संपलेला, नवा यायचा, नाले भरलेले, रस्ते तुटलेले, लेकरं तापानं आणि हगवणीनं फणफणलेली. 1993 साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हलला. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेनं 1997 पासून ऐन पावसाळ्यात तिथं स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. नोकरी करणारी माणसं दहा-दहा दिवसांची रजा टाकून जायची, गावात राहायची, आजारी लेकरू शोधायची, दवाखान्यापर्यंत न्यायची. तेही कुणाचे तरी सहकारीच होते, त्यांच्याही कार्यालयात रजेचा अर्ज द्यावा लागत होता. आमच्या कार्यालयात श्रावणात कोणी यादी फिरवत नाही. श्रावणात घाटात गाड्या घसरतात आणि ड्रोन उडत नाही.

पुण्यात हिंजवडीला माझा भाचा आहे, मोठ्या कंपनीत. त्यांच्याकडं नाताळात लॉबीत झाड उभं करतात आणि त्याला चिठ्ठ्या टांगतात. प्रत्येक चिठ्ठीत एका मुलाची इच्छा. ज्यानं चिठ्ठी काढली त्यानं ती वस्तू आणायची. अमेरिकेतली पद्धत. साल्व्हेशन आर्मीनं 1979 मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला हे सुरू केलं. मी म्हटलं, चला, तुमच्याकडं निदान लेकराला विचारतात तरी काय पाहिजे म्हणून. भाचा गप्प झाला. त्याच्या वाट्याला आलेल्या चिठ्ठीत सायकल होती. कंपनीची मर्यादा हजार रुपयांची. त्यानं सायकलचं चित्र असलेली कंपासपेटी पाठवली.

फोटोचं तर सांगायलाच नको, तरी सांगतो, कारण यात कायदा आहे आणि आम्ही कायद्याची माणसं म्हणवतो. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74. ज्याला कायदा 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतो, त्याची ओळख माध्यमांतून उघड करायची नाही. केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दर दिवाळीला बालगृहांच्या अंगणातून जे फोटो वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर येतात, त्यांच्याकडं या कलमाचा चष्मा लावून पाहा. 'अनाथांच्या चेहऱ्यावर हसू' असा मथळा आणि खाली तो चेहरा, नावगावासकट. उद्या ते पोर शाळेत जाईल तेव्हा वर्गातली पोट्टी त्याला त्या मथळ्यानं हाक मारतील.

बालगृहाचा विषय निघालाच आहे, तर परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकून दिलेली, मतिमंद, अंध, मूकबधिर लेकरं त्यांनी सांभाळली, सव्वाशेच्या आसपास. प्रत्येकाला आपलं नाव दिलं, आधार कार्डावर बापाच्या जागी स्वतः उभे राहिले. त्यांच्या एका अंध लेकीनं लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली. या माणसाचं मागणं गेली कित्येक वर्षं एकच आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर काढायचं, हा नियम या लेकरांना लावू नका. स्वतःच्या हातानं घास घेता येत नाही अशा मतिमंद मुलीला अठराव्या वाढदिवशी दाराबाहेर काढून ती जाईल कुठं? यासाठी कायदा करा, एवढं ते म्हणतात. आता सांगा, यात चिवड्याचं पाकीट कुठं बसतं? आमच्यासारखी कार्यालयं तिथं फळं घेऊन जातात, केळी वाटतात, बाबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. त्या मागणीचं एक निवेदन 43 सह्यांनिशी आपल्या आमदाराकडं पाठवावं, हे कोणाच्या मनात येत नाही. निवेदनाला खर्च शून्य, म्हणून असेल.

मला माहीत आहे पुढं काय म्हणतील. "काहीच न करण्यापेक्षा बरं ना?" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतो आहे, आणि अर्धी वर्षं मीच ते म्हटलं आहे. काहीच न करणारा निदान कोणाची वेचणी बुडवत नाही. शिवाय आम्ही काहीच न करणारे कुठं आहोत? आम्ही रोज दहा ते सहा काहीतरी करतोच, आणि लेकराचं नशीब तिथंच अडकलेलं असतं. आमच्या टेबलावर.

2024-25 साली सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' काढला. कापड वरून, एकाच ठिकाणाहून. शिवायचं बचत गटांच्या बायांनी. जूनमध्ये अंगावर पाहिजे तो सदरा अनेक शाळांत स्वातंत्र्यदिनालाही पोचला नाही, पोचला तिथं पाचवीच्या पोराला तिसरीचं माप. डिसेंबरात निर्णय फिरला, अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आले. मधल्या दिवाळीत काय झालं? 'गरीब विद्यार्थ्यांना कपडे वाटप', बातम्याच बातम्या. हक्काचा गणवेश कागदात अडकला आणि दयेचा सदरा समारंभानं आला. जो त्या पोराचा होता तोच त्याला भेट म्हणून मिळाला, वर टाळ्या वाजवून.

मी आमच्या लोकांना वाईट म्हणत नाही. साहेब वाईट नाहीत, मुलीच्या लग्नासाठी मला त्यांनी न मागता रजा दिली होती. फोटोग्राफरही वाईट नाही. आम्ही सगळे घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, लेकरांचे चेहरे पाहून बरं वाटलं. ते बरं वाटणं खोटंही नव्हतं. 21,500 रुपयांत आम्ही ते विकत घेतलं होतं आणि ते आम्हाला मिळालं. फक्त बिलावर नाव लेकरांचं टाकलं.

आता त्या हळद लावलेल्या बोटांच्या पोराचं. फोटो संपले, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा एक बाई माझ्याकडं आली. हातात पोराचं पाकीट, न फोडलेलं.

"भाऊ, तुमी त्याच हापिसातले ना?"

म्हटलं, हो.

"माह्या पोराचा तो महिन्याच्या पैशाचा फारम तुमच्याकडंच हाय म्हणते. कायची तरी तुरुटी निंगाली म्हणे. तीन डाव येऊन गेली मी."

बाल संगोपन योजना. बाप नसलेल्या लेकराला महिन्याला 2,250 रुपये मिळतात, 2023 पूर्वी 1,100 होते. नवरा कधी गेला, विचारलं. दोन वर्षं झाली म्हणाली, औषध घेतलं. शेती मक्त्याची, सातबारा दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळं शेतकरी म्हणून केस अपात्र. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर घरच्यांना जो एक लाख द्यायचा नियम आहे, तीस हजार हातात आणि सत्तर ठेव, 2005-06 च्या सुमारास ठरला तो आजही लाखच आहे, आणि तोही हिला नाही. मेल्यावरही माणूस शेतकरी होता की नव्हता हे सातबारा ठरवतो. महिन्याचे 2,250 हा एकच रस्ता उरला होता.

सोमवारी मी फाईल शोधली. माझ्या टेबलापासून तिसऱ्या टेबलावर, खालून चौथी. सात महिने झाले होते. उत्पन्नाचा दाखला होता, मृत्यूचा दाखला होता, शाळेचं बोनाफाईड होतं, पासबुकाची झेरॉक्स होती. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'घरासमोर पालकासह बालकाचा फोटो नाही. त्रुटी.'

मी ग्रुप उघडला. त्या दिवशीचे 312 फोटो होते. त्या पोराचे सतरा सापडले. पाकिटाबरोबर, साहेबांबरोबर, माझ्याबरोबर, ड्रोननं वरून काढलेला. आई एकाही फोटोत नव्हती. एकात ओळीच्या टोकाला साडीचा काठ तेवढा दिसत होता. मला आठवलं, फोटोग्राफर म्हणाला होता, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या."

पुढच्या रविवारी मी मोटरसायकल काढली. मायलेक शेतात होते. बांधावर बसून वाट पाहिली, संध्याकाळी त्यांच्या घरासमोर दोघांना उभं केलं आणि मोबाईलवर फोटो घेतला. पोरगा सवयीनं छातीशी हात धरून उभा राहिला. हातात काही नव्हतं. त्याला म्हटलं, हात खाली कर. त्यानं आईकडं पाहिलं, मग केला.

फाईल अमरावतीला गेली. मी दोनदा फोन केला, प्रक्रियेत आहे म्हणतात. यंदाची यादी आज दुपारी माझ्या टेबलावर आली. माझ्या नावापुढं पाचशे आधीच लिहिलेले आहेत.